व्हेरोनाचं वऱ्हाड

"सहा दिवसांत चार शहरं तरी झालीच पाहिजेत," कालिंदीनं इटलीच्या नकाशावर पोह्यांची ताटली ठेवत सांगितलं. "नाहीतर एवढं विमानाचं भाडं घालून जायचं कशाला?"

"निनादच्या लग्नाला," मी म्हणाले.

"ते आहेच की गं!"

कालिंदी माझी थोरली जाऊ. तोंडावर मी तिला ताई म्हणते, अहो-जाहो करते. मनातल्या मनात मात्र कित्येक वर्षं अगं-तुगंच चालतं. ही गोष्ट मी मनातल्या भाषेतच सांगणार आहे. निनाद तिचा एकुलता एक मुलगा. शिकायला म्हणून इटलीला गेला, तिथंच नोकरीला लागला आणि व्हेरोना नावाच्या गावातल्या एलेनाशी लग्न ठरवून मोकळा झाला. कोल्हापुरात महिनाभर रडारड झाली. मग कालिंदीनं डोळे पुसले आणि 'पोरगी गोरी, घारी, अगदी आमच्यातलीच दिसते' असं ती गल्लीभर सांगत सुटली.

मला बोलावलं होतं ते प्रवास आखून द्यायला. माझे यजमान, अनंत, गेले त्यानंतर मी राजारामपुरीतल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात नोकरी धरली. आधी तिकिटं काढायचे, मग ग्रुप घेऊन बाहेर जायला लागले. इटली तर इतक्या वेळा झाली की हॉटेलवाल्याशी भांडण्याइतकी भाषा तोंडात बसली. 'बाईमाणूस, त्यात अशी, आणि एकटी देशोदेशी हिंडते' हे त्या वेळी कालिंदीचंच म्हणणं. आता अडला हरी म्हणून मी चालत होते. गाढव कोण ते सांगायला नको.

मी आखून आणलं होतं ते सरळ होतं. आधी रोम, मग फ्लॉरेन्स, मधे अर्धा दिवस पिसाचा मनोरा आणि शेवटचे दोन मुक्काम व्हेरोनाला. लग्नाच्या आदल्या दिवशी सगळे निवांत पोचतील, पाय दाबून घेतील, साड्यांना इस्त्री करतील. ग्रुप नेणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की कळलेली असते. ज्या कामासाठी आलोय त्याच्या आदल्या रात्री त्याच गावात झोपायचं.

"ह्यात व्हेनिस कुठाय?" कालिंदीनं विचारलं.

"व्हेनिस लग्नानंतर करता येईल, ताई. जवळच आहे. गाडीनं तास-सव्वा तास."

"नंतर नको. नंतर तिथं त्यांची जेवणं असतील, आपली पूजा असेल. आणि लग्नाच्या आदल्या रात्री व्हेरोनात राहायचंच नाही मुळी."

"का?"

तिनं चष्मा काढला. कालिंदी चष्मा काढते तेव्हा ती शास्त्र सांगणार असते. "मुलीच्या गावात मुलाकडचे आदल्या दिवसापासून पाय पसरून बसले तर ते वऱ्हाड कसलं? वऱ्हाड बाहेरून यावं. लग्नाच्या दिवशी सकाळी उतरावं. मुलीच्या आईनं सामोरं यावं, पायांवर पाणी घालावं, औक्षण करावं, मग मानानं मांडवात न्यावं. आमच्या आईनं माझ्या वेळी मिरज स्टेशनावर ह्यांच्याकडच्या सगळ्यांचं केलं होतं की नाही?"

"पण नवरदेव तर आधीच त्या गावात आहे," भाऊजी पेपराआडून म्हणाले. भाऊजी म्हणजे तिचे यजमान. घरात ते साधारण पेपराआडूनच बोलतात.

"तो राहू दे. आपण तरी रीतीनं जायचं की नाही?"

तिच्या दोन बहिणी आणि त्यांचे नवरे असे चौघं बरोबर येणार होते. त्यांच्यासमोर वरमाय म्हणून उतरायचं होतं तिला, हे मला कळत होतं. एकुलत्या एका मुलाचं लग्न, तेही मांडव नाही, भटजी नाही, सनई नाही. नगरपालिकेच्या कचेरीत सह्या करून. त्या लग्नातून वरमाईच्या वाट्याला येण्यासारखं एवढंच उरलं होतं. मी तिच्या जागी असते तर मलाही हवंसं वाटलं असतं, हेही कबूल करते.

म्हणून मी एकदा सांगितलं. प्रामाणिकपणे, ऑफिसात गिऱ्हाइकाला सांगते तसं सांगितलं. "ताई, तिथं अकरा म्हणजे अकरा. ती सरकारी कचेरी आहे. एका लग्नामागं दुसरं लग्न लावलेलं असतं. गाडीला उशीर झाला, स्टेशनावर वेळ गेला, तर ते थांबणार नाहीत."

कालिंदी हसायलाच लागली. पोहे खायला आलेल्या बहिणींकडे बघून म्हणाली, "ऐकलंत काय? अगं वैजू, मुलाकडचे आल्याशिवाय कुणी लग्न लावतं काय? जगात कुठं तरी झालंय काय असं?"

अजून तरी माझ्या मनात काही नव्हतं. मी नकाशावरची ताटली उचलून बाजूला ठेवली आणि व्हेनिसवर पेन्सिलीनं गोल केला.

"आणि तू," ती म्हणाली, "तू आमच्याबरोबर त्या गाडीला नको. तू आदल्या रात्रीच पुढं जा. त्या बाईला, एलेनाच्या आईला, औक्षण कसं करायचं ते शिकवून ठेव. ताट-निरांजन मी देते बरोबर."

"जाईन की."

"शिवाय," आवाज किंचित खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच, "वऱ्हाड उतरताना पुढं सगळ्या सवाष्णीच असलेल्या बऱ्या. तू समजून घेशील."

मी समजून घेतलं. समजून घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

ऋता माझी एकुलती एक मुलगी. तिचं लग्न झालं तेव्हा अनंतला जाऊन चार वर्षं झाली होती. कन्यादान जोड्यानं करायचं असतं म्हणून ते कालिंदी आणि भाऊजींनी केलं. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, मीच त्यांना विनंती केली होती. मी नुसती समोर उभी राहणार होते. अंतरपाट दूर होताना लेकीचा चेहरा बघणार होते. ती माळ घालताना माझ्याकडे बघेल, मी मान हलवीन, एवढंच मनाशी धरून मी त्या दिवशी पहाटे उठले होते.

मुहूर्ताला थोडा वेळ उरला असताना कालिंदी माझ्याजवळ आली. हातात वरच्या खोलीची किल्ली. "वैजू, दागिन्यांच्या बॅगा वर उघड्यावर पडल्यात. जा, तिथं जाऊन बस. कार्यालयात चोऱ्या होतात. मी कुणाला तरी पाठवते तुला सोडवायला, मग ये खाली."

मी गेले. खोलीत बॅगा होत्या, त्यांना कुलपं होती. मी त्यांच्यापाशी खुर्ची घेऊन बसले. खालून मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक 'सावधान'ला मला वाटे, आता कुणीतरी येईल. कुणी आलं नाही. ताशा वाजला, टाळ्या वाजल्या, आणि कार्यालयाच्या लाउडस्पीकरवरून मला कळलं की माझ्या मुलीचं लग्न झालं.

नंतर जिन्यात मी कालिंदीला गाठलं. ती म्हणाली, "अगं, गडबडीत राहिलंच. पण एका अर्थी बरंच झालं बघ. मुहूर्तावर तशी कुणाची सावली नको म्हणतात." म्हणजे राहिलं नव्हतं. ठरवून ठेवलं होतं. ऋतानं पाठवणीच्या वेळी विचारलं, "आई, कुठं होतीस? मी शोधत होते तुला." मी म्हटलं, "होते की मागे." लेकीला सासरी जाताना असलं सांगून पाठवायचं नसतं. तिला अजूनही ठाऊक नाही. पण ते सगळं माझ्या पोटात तसंच राहिलं, आणि पोटात राहिलेलं नासतं.

तर त्या टेबलाशी, 'तू समजून घेशील' ऐकून मी मान हलवली आणि वही मिटली. ऑफिसात जाऊन व्हेनिसहून सकाळी निघणाऱ्या गाड्या पाहिल्या. एक लवकरची होती, एक सव्वादहाला व्हेरोनाला पोचणारी. एरवी मी गिऱ्हाइकाला विचारतच नाही, लवकरची काढून मोकळी होते. या वेळी फोन करून विचारलं.

"ताई, लवकरची काढू का दुसरी? लवकरचीला पहाटे उठावं लागेल."

"छे गं! तिघींना नऊवारी नेसायच्यात, पुरुषांना फेटे बांधायचेत. दुसरी काढ."

"अकराला लग्न आहे, म्हणून विचारलं."

"मग आहे की वेळ!"

मी दुसरी काढली. तिनं मागितलं ते एकूण एक दिलं मी. सोसायटीच्या गेटवर सगळ्यांचे निरोप घेताना तिनं मला सांगितलंही, "वैजू, तू आखलंस म्हणजे काळजी नाही."

प्रवास छान झाला. खोटं कशाला बोलू? रोममध्ये तिच्या धाकट्या बहिणीनं कारंज्यात नाणं टाकताना बांगडी टाकली. पिसाला सगळ्यांनी मनोरा हातानं धरल्याचे फोटो काढले, आणि भाऊजींचा हात दर वेळी मनोऱ्याच्या भलत्याच बाजूला आला. फ्लॉरेन्सच्या दगडी रस्त्यांवर कालिंदीच्या टाचेला फोड आला. मी माझे जाड मोजे काढून तिला दिले, औषध लावलं. रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून तिनं माझा हात हातात घेतला.

"तू नसतीस तर आमचं काय झालं असतं गं? तुझे उपकार आहेत."

"असू दे, ताई."

"ऋतासाठी कानातलं बघितलंय मी. जाताना घेऊया."

घेतलंही तिनं. मोत्याचं, नाजूक. माणूस वाईट असलं म्हणजे चोवीस तास वाईट असतं असं नाही. पण मीही मेणाची नाही. ते कानातलं पर्समध्ये ठेवताना माझ्या मनात एवढंच आलं की हिला त्या खोलीची आठवणसुद्धा नाही. तिला आठवत असतं, ती एकदा जरी अडखळली असती, तर मी कदाचित फ्लॉरेन्सलाच तिकिटं बदलली असती. खरंच सांगते.

व्हेनिसला सगळ्यांना हॉटेलवर सोडून मी संध्याकाळच्या गाडीनं व्हेरोनाला गेले. एलेनाची आई सिल्विया माझ्याच वयाची, बोलायला मोकळी. मी तिला स्वयंपाकघरातल्या टेबलावर औक्षणाचं ताट मांडून दाखवलं. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. तिला ते फार आवडलं. निरांजन ओवाळायचा सराव करताना तिनं नवऱ्याला खुर्चीवर बसवला आणि त्याच्या कपाळाला एवढं कुंकू लावलं की तो जखमी दिसायला लागला. आम्ही दोघी पोट धरून हसलो. "मी सकाळी दहालाच स्टेशनावर जाऊन उभी राहते," ती म्हणाली. "त्यांना वाटायला नको की आमच्याकडे रीत नाही." तेव्हासुद्धा सगळं नीट होणार होतं. मी मधे काही घातलेलं नव्हतं.

सकाळी नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत आम्ही जमलो. दगडी जिना, वर उंच छताचं दालन, लाल मखमलीच्या खुर्च्या. पावणेदहाच्या सुमाराला सिल्विया धावत माझ्याकडे आली. तिची म्हातारी आई खाली गाडीतून उतरताना चक्कर येऊन बसली होती. घाबरण्यासारखं नव्हतं, पण तिला सोडून जाता येत नव्हतं. सिल्वियानं ताट माझ्या हातात दिलं.

"तू जा. तूही घरचीच आहेस ना? तूच त्यांचं स्वागत कर. टॅक्सीनं दहा मिनिटं लागतात."

मी ताट घेऊन जिना उतरले. खाली टॅक्सी उभी होती. मी तिच्या दारापर्यंत गेले आणि थांबले. माझ्या हातून औक्षण? बहिणींसमोर? कालिंदीनं तोंड फिरवलं असतं, हे मला माहीत होतं. पण ते निमित्त. ताट न दाखवता नुसतं जाऊन 'चला, उशीर होतोय' म्हणता आलं असतंच की. मी टॅक्सीवाल्याला नको म्हटलं, वर गेले आणि ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. सिल्विया आईपाशी अडकली होती, तिच्या ते लक्षात आलं नाही.

सव्वादहानंतर फोन वाजला. भाऊजी.

"वैजयंती, आम्ही उतरलोय गं. मुलीकडचं कुणी दिसत नाही."

"येताहेत, भाऊजी. तिथंच थांबा."

"नक्की ना? आम्ही आलो असतो टॅक्सी करून."

मागून कालिंदीचा आवाज आला. "टॅक्सी कसली करता? न्यायला आल्याशिवाय मी हलायची नाही."

"नक्की," मी म्हणाले. "थांबा."

माझा आवाज एवढा शांत निघाला की मलाच नवल वाटलं. त्या क्षणी मला भीती वाटली नाही, लाज वाटली नाही. बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी मी एका जागी बसवून ठेवलं होतं.

थोड्या वेळानं निनाद माझ्याकडे आला. सूट, टाय आणि कपाळाला घाम. "काकू, आईला फोन केला होता मी. म्हणते, विहिणीला पाठव, मगच येईन. मी सांगितलं एलेनाच्या आजीला बरं नाही. तर म्हणते, तिच्या घरात दुसरं कुणी नाही काय? काकू, आज तरी! आज तरी मानपान सोडायचा होता!"

"तू चिडू नकोस. मी बोलते."

"तूच बोल. मी बोललो तर डोकं फिरेल माझं." त्यानं स्वतःचा फोन बंद केला आणि खिशात टाकला.

मी बोलले नाही. दालनाच्या कोपऱ्यात उभी राहून घड्याळाकडे बघत राहिले. अकराला थोडा वेळ असताना भाऊजींचा मेसेज आला. 'टॅक्सीत बसतोय. वाद घालून हिला उठवलं. रडायला लागली आहे. दहा मिनिटांत पोचतो. सुरू करू देऊ नकोस.'

मी तो वाचला. पुन्हा वाचला. फोन पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली.

लग्न लावणारी अधिकारी बाई आत आली. खांद्यावरून हिरवा-पांढरा-लाल पट्टा, हातात फाइल. तिनं रिकाम्या खुर्च्या पाहिल्या. एका बाजूला सिल्वियाकडची सगळी मंडळी, दुसऱ्या बाजूला मी एकटी. बाई चांगली होती. निनादला म्हणाली, "पुढच्या लग्नाची माणसं अजून आलेली नाहीत. तुमचे घरचे वाटेत असतील तर मी पंधरा मिनिटं थांबू शकते. त्याहून जास्त नाही."

निनादनं माझ्याकडे पाहिलं. "काकू, निघालेत का ते?"

असे प्रश्न माणसाला आयुष्यात एखाद्या वेळीच विचारले जातात. पोरगा लहानपणी माझ्याच हातचं जेवायचा. आई शाळेत शिकवायला गेली की माझ्याकडे असायचा. त्याच्या बाबतीत माझ्या मनात कधी काळं-बेरं नव्हतं, आणि तरीही मी त्याच्या डोळ्यांत बघून बोलले.

"नाही रे. अजून स्टेशनावरच आहेत. ती हलायला तयार नाही."

त्याचं तोंड लहान झालं. मग घट्ट झालं. तो अधिकारी बाईकडे वळला आणि म्हणाला, "सुरू करा."

साक्षीदार म्हणून भाऊजींचं नाव होतं. ते नाहीत म्हटल्यावर निनादनं मला पुढं बोलावलं. मी पासपोर्ट दिला, बाईनं नाव लिहून घेतलं. अशी मी मुलाच्या बाजूला उभी राहिले. आई उभी राहते त्या जागी, हाताच्या अंतरावर. बाईनं कायद्याची कलमं वाचली. नवरा-बायकोनं एकमेकांशी कसं वागावं वगैरे, आपल्या सप्तपदीसारखंच काहीतरी. एलेना रडत होती, हसत होती. आणि निनाद दाराकडे बघत होता. कलमं चालू असताना बघितलं. 'हो' म्हणण्याआधी बघितलं. अंगठी घालताना तर हात तसाच धरून मान मागं वळवली, एलेनालाच त्याचा हात हलवावा लागला. दार बंद होतं. त्याचा तो चेहरा मी अगदी जवळून पाहिला. माझ्याखेरीज कुणीच पाहिला नाही, कारण बाकी सगळे मागं बसले होते आणि एलेनाचे डोळे भरलेले होते.

सह्या झाल्या. मी माझी सही मराठीत केली. सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले आणि त्या टाळ्यांतच दार उघडलं.

पुढं कालिंदी. जांभळी नऊवारी, नाकात नथ, कपाळभर कुंकू, टाचेला फोड आलेला म्हणून किंचित लंगडत. मागं फेटे. डोळे सुजले होते, पण समोर सगळं दालन उभं राहून टाळ्या वाजवतंय हे बघून तिला वाटलं, हे तिच्यासाठीच. वरमाईचं स्वागत. तिनं पदर सारखा केला, दोन्ही हात जोडले आणि हसत हसत, उजवीकडे-डावीकडे नमस्कार करत ती मधल्या वाटेनं पुढं आली. कुणाला तिला थांबवता आलं नाही. ती थेट निनादपर्यंत पोचली आणि मग तिला त्याच्या बोटातली अंगठी दिसली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं, आई," निनाद म्हणाला. "तुझ्यासाठी थांबणार होत्या त्या बाई."

तो वाकून तिच्या पाया पडला. तिनं आशीर्वादाला हात ठेवला. तो हात किती वेळ त्याच्या डोक्यावर तसाच होता.

खाली चौकात फोटोंची गडबड सुरू झाली तेव्हा ती मला शोधत आली. मी खांबापाशी बाकावर बसले होते. ती शेजारी बसली. नथीशी चाळा करायला लागली.

"वैजू, ह्यांनी तुला मेसेज केला होता."

"होय."

"बघितला नाहीस?"

एखादी बाई म्हणाली असती, गडबडीत राहिलंच. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं. पण मग तिला कळलं नसतं, आणि न कळता घेतलेला सूड म्हणजे अंधारात मारलेला डोळा.

"बघितला," मी म्हणाले. "निनादनं विचारलं तेव्हा पर्समध्येच होता. ते थांबायला तयार होते, ताई. मी त्याला सांगितलं, तुम्ही स्टेशनावरच आहात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी नजर खाली केली नाही. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटायला लागलं. कार्यालय, जिना, किल्ली. मी ते सगळं उमटताना बघत बसले.

"ऋताचं काढलंस," ती म्हणाली.

"होय."

मला वाटलं, आता आरडाओरडा करील. बहिणींना हाका मारील, निनादला बोलावील. मी तयार होते. पण कालिंदी हुशार आहे. माझं नाव सांगायचं तर वरच्या खोलीपासून सांगावं लागलं असतं, आणि ऐकणाऱ्यांत निनाद असता. तिनं पदरानं तोंड टिपलं, उठायला लागली आणि पुन्हा बसली.

"एक सांग मला," ती म्हणाली. आवाज एवढासा. "त्यानं बघितलं काय गं? दाराकडं? एकदा तरी?"

तिला काय हवं होतं ते माझ्याइतकं जगात कुणाला कळलं नसतं. एक शब्द पुरला असता.

"नाही," मी म्हणाले. "तो एलेनाकडंच बघत होता."

तिनं मान हलवली. तिकडून फोटोवाल्यानं हाक मारली तशी ती उठली, लंगडत गेली आणि मुला-सुनेच्या मधे उभी राहिली. भाऊजींना तिनं नंतर सांगितलं की वैजूनं मेसेज पाहिलाच नव्हता.

याला आता आठ वर्षं झाली. मला पश्चात्ताप होतो का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणते, आणि ते खरं आहे. निनाद आईशी नीट बोलतो, दर रविवारी फोन करतो. पण त्या दिवसाचा विषय दोघांत निघत नाही. तो समजतो, आईनं मानासाठी लग्न चुकवलं. ती समजते, पोरानं तिची वाटही बघितली नाही. दोघांपैकी एकानं तोंड उघडलं तर सगळं मिटेल, पण आमच्या घराण्यात तोंड उघडायची रीत नाही.

दिवाळीला कालिंदी मला फराळाला बोलावते. मी जाते. अलीकडे तिची दृष्टी अधू झाली आहे, चालणं कमी झालंय, तरी चकल्या स्वतः करते. भाऊजी पेपराआड असतात. बोलता बोलता मधेच ती थांबते आणि विचारते, दर वर्षी विचारते, "वैजू, खरंच बघितलं नाही गं त्यानं?"

"नाही, ताई," मी म्हणते, आणि चकली मोडून तोंडात टाकते.